चौथ्या रकान्यातलं नाव

बातमी आली ती भास्कररावांच्याच टेबलावरच्या फोनवर. हल्ली त्या लँडलाइनवर चुकून नंबर लागलेल्यांशिवाय कुणी फोन करत नाही. शालिनीवहिनींना मात्र नवऱ्याच्या ऑफिसचा तेवढाच एक नंबर पाठ होता, आणि त्या क्षणी त्यांच्या बोटांनी तोच फिरवला. दुपारची वेळ होती, मी नुकताच डबा उघडला होता. "सुरेखाताई, हे गेले हो..." एवढंच त्या म्हणाल्या आणि मग बराच वेळ पलीकडून दवाखान्याच्या व्हरांड्यातला गलबला ऐकू येत राहिला. मी "हो वहिनी, हो" असं काहीतरी पुटपुटत राहिले. रिसीव्हर कानाला असतानाच माझी नजर समोरच्या भिंतीकडे गेली. तिथे भास्कररावांनी स्वतः बनवलेला आणि स्वतः खिळे ठोकून लावलेला स्क्रीन आहे. त्यावर एक ओळ पिवळी होती आणि तिच्या चौथ्या रकान्यात नाव होतं : भास्कर. तो स्क्रीन दर मिनिटाला सर्व्हरला विचारतो, हे सेटिंग आत्ता कुणी लावलेलं आहे? आणि सर्व्हर उत्तर देतो. त्या मिनिटालाही त्याने तेच उत्तर दिलं. मी डब्याचं झाकण लावलं आणि शिपायाला हाक मारली.

आमचा दूध संघ तेलगावच्या रस्त्याला आहे. सहकारी संस्थेत असायला हवं ते सगळं आमच्याकडे आहे : काचेखालची फोटोंची रांग, कुलूप लावलेला बैठकीचा हॉल आणि कधीच वेळेवर न येणारे संचालक. भास्करराव तिथल्या संगणक विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे ते, मी आणि एसी बसवलेली एक खोली. माणूस हट्टी होता. बोलण्यात गोडवा नावाला नव्हता, सुपारी सतत तोंडात आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी "थांबा, थांबा" म्हणायची खोड. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, आपल्या डेटाबेसमध्ये एकाच वेळी किती जण जोडले जाऊ शकतात? मी शहाण्यासारखी सेटिंगची फाइल उघडली आणि त्यातला आकडा वाचून दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, फाइलीत काय लिवलंय ते नका सांगू. चालू काय हाय ते सांगा." मी म्हटलं, सर, दोन्ही एकच ना? तर हा माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की मला वाटलं, नोकरी गेली.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतातल्या मोटारीच्या पेटीवर 'ऑटो' लिहिलेलं असतं, पण आत कुणीतरी वायर जोडून ते केव्हाच बाद केलेलं असतं. बाहेरून बघणारा अक्षरावर विश्वास ठेवतो, मोटार वायरचं ऐकते. डेटाबेसचंही तसंच आहे. सेटिंग फाइलीत लिहिलेलं असतं. सर्व्हर सुरू करताना दिलेला हुकूम ते खोडू शकतो. चालू सर्व्हरवर कुणी हाताने बदललं, तर ते हुकुमालाही खोडतं, पण फक्त पुढच्या रीस्टार्टपर्यंत. मग अमलात नेमकं काय आहे? ते कुठल्याच फाइलीत सापडत नाही. चालत्या सर्व्हरलाच विचारावं लागतं आणि ते विचारायच्या आज्ञा इतक्या किचकट की कुणी विचारायला जात नाही. भास्कररावांनी त्यासाठीच तो स्क्रीन केला. आम्ही त्याला फळा म्हणायचो. चार रकाने : सेटिंगचं नाव, साध्या मराठीत. फाइलीत काय लिहिलंय. चालू काय आहे. आणि चौथा, ते तिथे कुणी आणलं. जे नुसतं हाताच्या जोरावर उभं आहे ते पिवळं, जे लिहिल्याच्या उलट चाललंय ते लाल. दिंद्रुडच्या शीतकरण केंद्रावरच्या ऑपरेटरलाही एका नजरेत कळावं, असा त्यांचा आग्रह होता. त्या फळ्यातल्या शब्दांवरून आमची कितीतरी भांडणं झाली आहेत. 'आधी डिस्कवर' की 'ताबडतोब पक्की', यावर तर आम्ही आठवडाभर एकमेकांशी बोललो नव्हतो.

तीच ती पिवळी ओळ. पक्की नोंद : ताबडतोब. लावणारा : भास्कर.

या ओळीची गोष्ट त्यांनी मला दिंद्रुडच्या स्टँडसमोर सांगितली. केंद्रावरचं काम आटोपून आम्ही चहा घेत होतो आणि मी सहज विचारलं, सर, एवढं सगळं नीट केलंत, मग ही एकच ओळ कायम पिवळी कावून? मी मुद्दाम त्यांच्यासारखं बोलले होते, पण ते हसले नाहीत. कप खाली ठेवला आणि बोलायला लागले.

एका दुष्काळात संघाने सभासदांच्या जनावरांसाठी चारा छावणी घातली होती. फाटकापाशी अंगठ्याचं मशीन होतं. संध्याकाळी येईल त्याची नोंद घ्यायची, सकाळी यादी काढायची आणि यादीतल्या जनावरांच्या कानाला बिल्ला मारून आत घ्यायचं. मंजूर झालेली जागा भरत आली होती. शेवटच्या संध्याकाळी भास्करराव स्वतः फाटकावर होते. काशीबाई नावाची एक म्हातारी गाय आणि कालवड घेऊन आली. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरी ही एकटी आणि दोन मुकी जनावरं. तिने अंगठा लावला. भास्कररावांनी स्क्रीन बघितला, 'नोंद झाली' असं आलेलं वाचलं आणि तिला म्हणाले, "झाली मावशी नोंद. सकाळच्या पारी बिल्ला घ्यायला या." ती वळली आणि लाइट गेली. लाइट जाणं आमच्याकडे नवीन नाही, पण त्या दिवशी बॅटरीनेही दगा दिला. सकाळी सर्व्हर परत उभा करण्यासाठी ते ऑफिसात धावले, आणि तिकडे फाटकावर यादीत काशीबाईचं नाव नव्हतं. जागा भरली म्हणून फाटक बंद झालेलं. ती म्हणत राहिली, मी अंगठा लावला होता. फाटकावरचा कारकून तिला म्हणाला, "मावशी, बोट उमटलं नसंल. उसाच्या कामानं घासल्याली बोटं मशीन घेत न्हाई." तिने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं... आणि तिला ते पटलं. जन्मभर कोयता धरलेला हात, त्यावर रेषा उरल्या नव्हत्या हे तर खरंच होतं. त्याच आठवड्यात दोन्ही जनावरं व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढली.

गाऱ्हाणं संचालकांपर्यंत गेलं. त्यांनी भास्कररावांना बोलावून विचारलं, नोंद झालेली लाइट गेल्यावर पुसली जाते का? भास्कररावांनी सेटिंगची फाइल उघडून दाखवली. त्यात 'ताबडतोब' लिहिलेलं होतं, म्हणजे नोंद होताक्षणी डिस्कवर पक्की. त्यांनी ठामपणे सांगितलं, झालेली नोंद जाऊच शकत नाही, म्हणजे ती झालीच नव्हती. तसा ठराव झाला. "आन् मी सोता बघितलं हुतं, ताई," चहाच्या टपरीवर ते म्हणाले. "नोंद झाली, अशी अक्षरं मी वाचली हुती. पर मला वाटलं, माझ्याच डोळ्याला चकवा झाला. मी फाइलीवर इस्वास ठिवला."

महिना-दीड महिन्यानंतर दुसऱ्याच कुठल्या अडचणीसाठी त्यांनी चालत्या सर्व्हरला ती किचकट आज्ञा दिली आणि उत्तर आलं : सवडीने. सर्व्हर बसवून देणाऱ्या कंपनीने तो भरभर चालावा म्हणून सुरुवातीच्या हुकुमातच तसं घालून ठेवलं होतं. नोंद आधी नुसती मशीनच्या आठवणीत राहायची, डिस्कवर जायची ती थोड्या वेळाने. तेवढ्या थोड्या वेळात लाइट गेली आणि काशीबाईची नोंद गेली. तिचा अंगठा उमटला होता.

ते चेअरमनसाहेबांकडे गेले. चेअरमनसाहेब वाईट माणूस नाहीत, हे मी आजही म्हणेन. ते म्हणाले, "भास्करराव, मशीननं नोंद खाल्ली आसं आपनच लिवून दिलं, तर तपासणीवाले सगळीच यादी खोटी धरतील. छावणी बंद पडली तर ही जनावरं काय तुमच्या अंगणात बांधता?" छावणीत त्या वेळी सगळ्या पंचक्रोशीची गुरं होती. भास्करराव गप्प बसले. हुकूम बदलायचा तर कंपनीला संचालक मंडळाचं पत्र हवं होतं, कारणासकट. कारण लिहिलं की ठराव खोटा पडणार, म्हणून पत्र निघालं नाही. पाऊस पडला, छावणी उठली, तरी निघालं नाही. मग भास्कररावांनी एक नेम धरला. सर्व्हर जेव्हा जेव्हा बंद होऊन सुरू होईल, तेव्हा स्वतः जायचं, ते सेटिंग हाताने 'ताबडतोब' करायचं आणि फळ्यावर ओळ पिवळी झालेली बघूनच खुर्ची सोडायची. मुलीच्या हळदीतून उठून आलेले मी त्यांना पाहिलंय. अंगाला हळद तशीच, आणि वहिनींचा माझ्यावर राग, जसं काही मीच सर्व्हर बंद पाडला होता.

मी त्यांना विचारलं, काशीबाईला सांगितलंत का? ते म्हणाले, "दरसाल जातो सांगायला. पोळा झाला की जातो. जमत न्हाई, ताई." मी समजले, बिचारे वाटेतूनच परत फिरत असतील. पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही.

शेवटची भेट अंबाजोगाईला झाली, दवाखान्यात. हृदयाने हात टेकले होते. माणूस निम्मा झाला होता, पण खोड तीच. सलाईनच्या बाटलीवर नर्सने काहीतरी लिहून चिकटवलं होतं. मी ते वाचायला लागले तर म्हणाले, "चिठ्ठी नका वाचू. थेंब पडतोय का ते बघा." मी थेंब बघितला, पडत होता. "हां," म्हणाले आणि डोळे मिटले. मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं, म्हणून मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले. परत आले तेव्हा ते जागे होते, छताकडे बघत होते. "लाइट गेली न्हाई ना?" असं विचारलं. मी म्हटलं, नाही सर, भर दुपार आहे.

ते गेल्यानंतरचे ऑफिसातले दिवस मला कुणाला नीट सांगताच येणार नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी होती, त्याचं काही नाही. माणसं जातात, खुर्च्या रिकाम्या होतात. पण सर्व्हर चालू होता, आणि तो त्यांच्या हाताने लावलेल्या सेटिंगवर चालू होता. रोज गावोगावचं दूध यायचं, नोंद व्हायची आणि प्रत्येक नोंद पक्की होताना त्या माणसाचा हात तिथे असायचा. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर ती नुसती त्यांची आठवण झाली असती. शिपायाने फळ्याखाली उदबत्ती लावायला सुरुवात केली. मी त्याला झापलं, तर तो म्हणाला, "साहेबाचं नाव आजून चालू हाय की, मॅडम." दुसऱ्या दिवसापासून मीच त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागले. तरी मानेवर ते नाव जाणवायचं. पंखा फिरायचा, एसी घुरघुरायचा, आणि मला पक्कं वाटायचं की मागे कुणीतरी सुपारी चघळत उभं आहे आणि आता "थांबा, थांबा" म्हणणार आहे. एकदा मी खरंच वळून बघितलं.

शोकसभा झाली. चेअरमनसाहेब भास्कररावांच्या निष्ठेबद्दल छान बोलले, आवाजही भरून आला, आणि तो खोटा नव्हता. सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि कंपनीला द्यायच्या पत्राचं काढलं. त्यांनी माझ्याकडे दमल्यासारखं बघितलं. "सुरेखाताई, आता तेबी ऱ्हायले न्हाईत. कुणासाठी उकरायचं?" मी म्हटलं, काशीबाई आहे ना अजून. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि आत बसले. पत्र अजून मिळालेलं नाही. हा लेख छापून आल्यावर त्यांचा फोन येईल, येऊ दे.

सर्व्हरच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. भास्कररावांच्या आजारपणात ते काम राहून गेलं होतं आणि त्यांच्यामागे मी ते आज-उद्या करत ढकलत होते. कारण साधं होतं. बॅटऱ्या बदलायच्या म्हणजे सर्व्हर बंद करायचा, आणि बंद केला की ती ओळ जाणार. मिस्त्री दोनदा येऊन परत गेला. शेवटी तो माझ्यावर चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं. एका दुपारी दूध आत यायच्या आधी मी सर्व्हर बंद केला. फळा काळा झाला. खोलीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. बॅटऱ्या बसल्या, सर्व्हर उठला आणि फळ्यावर एकेक ओळ यायला लागली. ती ओळ लाल आली. चालू : सवडीने. कुणी आणलं : सुरुवातीचा हुकूम. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी बसून भराभर ती आज्ञा लिहिली, जशी त्यांनी मला शिकवली होती, आणि मिनिटभराने ओळ पिवळी झाली. ताबडतोब. लावणारा : सुरेखा.

त्यांच्या जागी माझं नाव आलं म्हणून वाईट वाटलं असतं तर ते मी समजून घेतलं असतं, पण तसं नव्हतं. मी घाबरले होते. आता दर मिनिटाला ते मशीन माझं नाव घेणार होतं. काशीबाईची नोंद झाली होती हे जाणणारी आणि न सांगणारी आता मी होते. वीसेक वर्षांनी कुणीतरी माझ्या नावाकडे पाठ करून बसेल, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दिंद्रुडची गाडी पकडली.

काशीबाईचं घर दिंद्रुडपासून आत, गावाच्या कडेला आहे. विचारत विचारत गेले. ती अंगणात ऊन खात बसली होती, वाळून काडी झालेली, पण नजर तिखट. मी म्हटलं, दूध संघातून आले. तिने माझ्यामागे वाकून बघितलं. "भास्कर सायेब कुटं हायत? यंदा आले न्हाईत."

मी विचारलं, ते यायचे इथे? "तर! दरसाल. पोळा झाला की यायचाच. लई शाना मानूस. आला की गोठ्यात जाऊन बसायचा, च्या प्यायचा, काय बोलायचा न्हाई. जाताना पाया पडायचा माज्या. आगं, सायेब मानूस, मला लाज वाटायची." म्हणजे ते वाटेतून परत फिरत नव्हते. दरवर्षी इथपर्यंत येत होते, तिच्या हातचा चहा पीत होते आणि ते एक वाक्य तसंच घेऊन परत जात होते.

ते गेल्याचं मी तिला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. मग मी बाकीचंही सांगितलं. डेटाबेस, हुकूम, असलं काही बोलले नाही. एवढंच म्हणाले, मावशी, त्या संध्याकाळी तुमचं बोट उमटलं होतं. नोंद झाली होती. भास्कररावांनी डोळ्यांनी बघितली होती. ती मशीनमधून गेली, तुमच्या हातून नाही.

ती उजवा अंगठा डाव्या हाताने धरून बसली. मग म्हणाली, "म्या त्या दिसापासनं कुटं आंगठा लावला न्हाई, बाई. रेशनला सून जाती. मला वाटायचं, माज्याच बोटानं गाय घालिवली." मी तिचा हात धरला, दुसरं काय करणार होते?

ती उठली आणि भिंतीचा आधार घेत घेत गोठ्याकडे गेली. मी मागे गेले. गोठ्यात आता जळण भरलेलं आहे. दावण मात्र तशीच, आणि दावणीसमोर कोंबड्या झाकायचं एक डालगं पालथं घातलेलं. त्यावर कुणी बसत असावं तसा मधला भाग खोलगट झाला होता. काशीबाई त्या डालग्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती चिडली होती.

"एवढंच हुतं व्हय रं?" ती त्या डालग्याला म्हणाली. "मंग सांगायचं की."